नारायणगावच्या वतीनं बोलायचं कुणी?

मोठ्या कंपन्यांमध्ये आता एक स्वतंत्र खातं असतं. कंपनीनं कामगारांशी, ग्राहकांशी, सरकारशी आणि वर्तमानपत्रांशी काय बोलायचं, केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हे ते खातं ठरवतं. महासाथ आली, युद्ध पेटलं, आयात-निर्यातीचे नियम फिरले की कंपनीची खरी शिल्लक या खात्यातच सापडते, असं तिथली मंडळी सांगतात. पुण्या-मुंबईच्या गारेगार सभागृहात हे ऐकलं की मान आपोआप डोलते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हा दावा टिकतो का, हे मला एका मामा-भाचीच्या वादात पाहायला मिळालं.

मामा टोमॅटोचे व्यापारी. जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारात त्यांची खरेदी चालते, वारूळवाडीला स्वतःची शेतीही आहे. भाची पुण्यात खराडीला एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात काम करते. परिसरातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं तिला विचारलं होतं, आम्ही फक्त बोलण्या-कळवण्याच्या कामासाठी एक माणूस नेमावा का? मामा त्या कंपनीचे सभासद आहेत आणि या पदाला त्यांचा ठाम विरोध आहे.

मामा : आधी पगार सांग.

भाची : तीस हजार महिना धरा.

मामा : म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. तेवढ्यात दीड-दोन हजार प्लास्टिकची कॅरेट येतात, ती चार हंगाम तरी टिकतात. अगं, टोमॅटोचा भाव आवक आणि मागणी ठरवते. कर्नाटकात कोलारला पाऊस झाला की आपला माल वर, आंध्रात मदनपल्लीचा माल सुटला की आपण खाली. त्यात तुझा माणूस काय बोलणार? पावसाशी बोलणार?

भाची : पावसाशी नाही. मे २०२० आठवतो?

मामा : लॉकडाऊन. तो कोण विसरेल?

भाची : लॉकडाऊन सगळ्यांनाच होता, टोमॅटोला त्याशिवाय आणखी एक घाव बसला. फळं एकसारखी रंगेनात. एकाच फळावर लाल, पिवळा, हिरवट असे पट्टे. आपल्याच लोकांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हणायला सुरुवात केली, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवले. एका हिंदी वृत्तवाहिनीनं ते उचललं आणि करोनाच्या शेजारी नेऊन बसवलं. पुढे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं नमुने तपासले. त्यात मुख्यतः कुकुंबर मोझॅक विषाणू निघाला. मावा किडीनं पसरणारा. झाडाचा रोग, माणसाला काही होत नाही. पण अहवाल येईपर्यंत शहरातली गिऱ्हाइकं टोमॅटोला हात लावायला घाबरत होती. त्या मधल्या दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटोच्या वतीनं कोण बोललं?

मामा : पुढारी बोलले. किसान सभेवाले बोलले. वाहिनीवर कारवाई करा म्हणाले.

भाची : ते सगळं बातमी आल्यावर. शेतातलं पहिलं फळ रंगलं नाही तेव्हा कोण बोललं?

मामा : आणि बोलायचं काय होतं?

भाची : एवढंच, की आमच्या काही प्लॉटमध्ये फळं नीट रंगत नाहीत, नमुने तपासायला पाठवलेत, झाडाचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, अहवाल आला की कळवू.

मामा : आणि हे वाचून मी काय केलं असतं, सांगू? त्याच दिवशी भाव पाडला असता. 'तुमच्या मालात दोष आहे, तुम्हीच म्हणताय,' असं म्हणून. दिल्लीच्या व्यापाऱ्यानं माझा पाडला असता, मी शेतकऱ्याचा.

हे सांगताना मामांचा आवाज जराही खाली आला नाही. मला हा त्यांचा सगळ्यात प्रामाणिक मुद्दा वाटला. संवादाची पुस्तकं 'वेळेवर खरं सांगा' असं सांगतात, पण खरं सांगणाऱ्याला त्या दिवशी संध्याकाळी पट्टी किती कमी मिळते, ते त्यांत छापलेलं नसतं. कंपनीच्या शेअरची किंमत दोन टक्के उतरली तर संचालकांना झोप येत नाही. इथं तर मालच नाशवंत, आज नाही विकला तर उद्या सडला.

भाची : भाव पडला असता, मान्य. पण गप्प राहून तो वाचला का? गप्प राहिलात म्हणून दुसऱ्या कुणीतरी तुमच्या मालाचं नाव ठेवलं, आणि 'दोषा'च्या जागी 'विष' ठेवलं.

मामा : त्याला तुझा माणूस अडवू शकला असता?

भाची : अडवू शकला नसता. उत्तर मात्र तयार ठेवलं असतं. बरं, ते सोडा, द्राक्षाकडे या. २०१० साल.

मामा : सीसीसी.

भाची : तुम्हाला एका शब्दात आठवलं! खरड छाटणीनंतर फूट आटोक्यात ठेवायला आपले बागायतदार ते औषध वर्षानुवर्षं मारत होते. इथल्या निर्यातीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपात मात्र मर्यादा होती, किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हॉलंड आणि जर्मनीत माल तपासला गेला, अंश जास्त निघाले, कंटेनर अडकले. बागेत चूक कुणाचीच नव्हती. इथली प्रयोगशाळा म्हणते माल स्वच्छ, तिथली म्हणते नापास, आणि दोन्ही खरं बोलत होत्या.

मामा : मग हा माहितीचा प्रश्न झाला. बोलण्याचा कुठे झाला?

भाची : मामा, माझ्या कामातलं निम्मं काम कानाचंच आहे. रॉटरडॅमला काय बदलतंय, ढाक्यात आयात कर किती झालाय, वाघा सीमेवर काय चाललंय, ते आधी ऐकायचं आणि मळ्यापर्यंत सोप्या मराठीत पोचवायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्ताननं आपल्याशी व्यापार बंद केला. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं खुणा दिसत होत्या. त्या वाचून कुणी शेतकऱ्याला सांगितलं, की वाघ्याचा टोमॅटो आता हिशोबात धरू नकोस?

मामा : आम्हाला कळत होतं.

भाची : 'आम्हाला' म्हणजे कुणाला?

मामा : व्यापाऱ्यांना.

हा धागा तिनं तिथंच सोडला. सोडला म्हणजे नंतरसाठी बाजूला ठेवला, हे मला पुढे कळलं.

मामा : तू सगळी उदाहरणं मंदीची देतेस. मी तेजीचं देतो. जुलै २०२३. वीस किलोच्या कॅरेटला नारायणगावात दोन हजारांच्या वर भाव. पाचघरच्या एका शेतकऱ्यानं तर कोटीच्या वर पैसे केले, देशभरच्या पेपरात फोटो. तेव्हा कुणी जनसंपर्क केला होता? बाजार आपोआप बोलला.

भाची : बाजार बोलला, आणि दिल्लीनं ऐकलं! १२ जुलैला केंद्रानं नाफेड आणि एनसीसीएफला टोमॅटो खरेदीचे आदेश दिले. आंध्र, कर्नाटक आणि आपल्याकडून घ्यायचा आणि दिल्लीकडे स्वस्तात विकायचा. त्या निवेदनात कोणाचं नाव होतं, माहीत आहे? नारायणगावचं. सातारा, नारायणगाव आणि नाशिकचा माल बाजारात येतोय, ऑगस्टमध्ये नारायणगाव आणि औरंगाबाद पट्ट्यातून आणखी येईल, भाव उतरतील, असा धीर ग्राहकांना दिला होता.

मामा : खरंच होतं की ते. माल येणारच होता.

भाची : खरंच होतं. पण हे खरं कुणाच्या बाजूनं मांडलं होतं? १४ जुलैला ९० रुपये किलोनं सुरू झालेली ती विक्री २० ऑगस्टला ४० रुपयांवर आली. १० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी संसदेत नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचं सांगितलं. दिल्ली ग्राहकाशी बोलत होती, रोज, आकड्यांत. आणि ज्यानं कोटी मिळवले त्याचा फोटो बघून इथल्या शेतकऱ्यानं काय केलं?

मामा : लावले. ज्याला जागा होती त्यानं लावले. ज्याला नव्हती त्यानं खंडानं घेऊन लावले.

भाची : आणि सप्टेंबरात?

मामा : तोडणीची मजुरी निघेना. लोकांनी प्लॉट सोडून दिले, जनावरं घातली.

भाची : म्हणजे देशभरच्या पेपरातला तो फोटोच आपल्या तालुक्याचं त्या वर्षीचं एकमेव निवेदन ठरला. त्यात 'आता लावू नका' ही ओळ नव्हती.

मामा : लिहिली असतीस तरी कुणी ऐकली नसती. दोन हजाराचं कॅरेट डोळ्यासमोर असताना 'लावू नका' म्हणणाऱ्याला शेतकरी काय म्हणतो, ते इथं सांगता यायचं नाही.

दोघंही बरोबर होते, आणि त्यामुळे वाद जरा रेंगाळला. मग मॅकडोनाल्डचा विषय निघाला. त्याच जुलैत उत्तर आणि पूर्व भारतातल्या त्यांच्या काही दुकानांनी दारावर सूचना लावली होती, की कसोटीला उतरणारा टोमॅटो पुरेसा मिळत नाही, म्हणून तूर्तास बर्गरमध्ये टोमॅटो नाही. भाचीच्या मते हा चांगल्या कळवण्याचा नमुना. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगितलं, लपवलं नाही. मामा मात्र चिडले. 'भाव परवडत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून आमच्या मालाच्या दर्जावर बोट ठेवलं,' असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात दर्जा घसरतो हे खरं, पण मला मामांचा राग रास्त वाटतो. एका कंपनीची नीटनेटकी सूचना दुसऱ्याच्या मालावर शेरा ठरू शकते आणि त्या शेऱ्याला उत्तर द्यायला इथं कुणी नसतं.

मामा : तुला आपल्याच गावची एक कंपनी सांगतो. इंडाज. चौगुल्यांची. द्राक्षापासून फसफसणारी वाइन, फ्रेंच तंत्र, नाव 'ओमर खय्याम'. ऐंशीच्या दशकात नारायणगावची बाटली परदेशात विकली जात होती. बोलणं, मांडणं, दाखवणं यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात कंपन्या घेतल्या. २००८ ची मंदी आली, कर्ज अंगावर आलं, शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं कंपनी गुंडाळायला सांगितली. कुठं गेलं तुमचं ते शिल्लक खातं?

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही.

मामा : हं.

भाची : खरंच नाही. कर्जाला शब्दांनी फेडता येत नाही. जगात उलथापालथ झाली की आधी पैसा टिकवायचा असतो. एवढंच म्हणेन, की बाटलीवरचं नाव ही जाहिरात झाली. मी ज्याबद्दल बोलतेय ते घरातल्यांना घरातली परिस्थिती सांगणं. जाहिरात उत्तम असूनही घर बुडू शकतं.

मामा : चला, एक तरी मानलंस. आता खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, बघ. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. जगातले शास्त्रज्ञ येतात. त्यांनी कधी ढोल वाजवला? गपगुमान काम केलं.

भाची : गपगुमान? दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला शाळेच्या गाड्या लागतात, त्या कशाला? मुलांची प्रदर्शनं, डिशखाली फिरणं, प्रश्न विचारणं. आणि जून २०२३ मध्ये, आपण इकडे कॅरेट मोजत होतो तेव्हा, विश्वात गुरुत्वीय लहरींची सतत चालणारी मंद गुणगुण आहे याचे पुरावे जगातल्या अनेक दुर्बिणींनी एकाच दिवशी जाहीर केले. त्यात खोडदचं निरीक्षण होतं. २९ जूनला. इतके देश, एक तारीख. हे आपोआप झालं?

मामा : बरं, मग रेल्वेचं काय? इतकं चांगलं बोलता येत होतं तर पुणे-नाशिक रेल्वेवरून लोक दुर्बिणीवर का रागावले?

इथं मला वाचकांसाठी दोन ओळी मध्ये घालाव्या लागतील. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला होता. मार्गावर काही ठिकाणी जमिनीही घेतल्या गेल्या. नंतर जीएमआरटीच्या निरीक्षणांना विजेच्या गाड्यांच्या रेडिओ गोंगाटाचा अडथळा होईल या कारणानं तो मार्ग अडला. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत हेच कारण दिलं आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेरमध्ये आंदोलनं झाली.

भाची : रेल्वेचा मार्ग नकाशावर काढला तेव्हा दुर्बीण तिथं होतीच. दोन्ही सरकारच्याच. सर्वेक्षण झालं, भूसंपादन सुरू झालं आणि मग कळलं की अडचण आहे. दोन सरकारी खाती एकमेकांशी वेळेवर बोलली नाहीत, त्याचा भुर्दंड शेतकऱ्यानं भरला.

मामा : शास्त्रज्ञांना मी दोष देणार नाही. त्यांनी योग्य टेबलावर सांगितलं असेल. गावोगाव जाऊन रेल्वेविरुद्ध भाषणं करायची होती का?

भाची : भाषणं नकोत. आकाशातून येणारा रेडिओ संदेश किती क्षीण असतो आणि रेल्वेच्या तारेवर उडालेली ठिणगी त्याच्यापुढे किती मोठी, हे विज्ञान दिनाला मुलांना समजतं. तेच मुलांच्या बापांना ग्रामसभेत कुणी समजावलं असतं तर 'दुर्बीण की रेल्वे' अशी भांडणं लागली नसती. विज्ञान दिनाची ओळख होती, ती या कामाला वापरायला हवी होती.

मामा : राग तरीही आला असता. रेल्वे गेली ती गेलीच.

भाची : आला असता. पण कशाचा राग ते तरी कळलं असतं.

थोडा वेळ राहुट्यांवर गेला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेची सुपारी तिथंच ठरते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या गावाला बोलण्याचा धंदा नवा नाही, हे दोघांना मान्य होतं. २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा बंद पडल्या तेव्हा राहुटीत पंच येणार नव्हतेच, आणि फडांना सरकारदरबारी बोलायला दुसरी राहुटी नव्हती, हे भाचीचं म्हणणं मामांनी खोडलं नाही.

मग तिनं मघाचा धागा काढला.

भाची : मामा, यंदा तालुक्यात किती टोमॅटो लागणार, हे तुम्हाला केव्हा कळतं?

मामा : अंदाज? रोपं बुक झाली की.

भाची : म्हणजे तोडणी सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी. नर्सरीवाल्यांशी तुमची ओळख आहे, किती ट्रे गेले ते तुम्हाला कळतं. कोलारचं काय, हे तिथले व्यापारी फोनवर सांगतात. वाघा बंद होणार हे तुम्हाला आधी कळलं होतं, हे मघाशी तुम्हीच म्हणालात. मग सभासदांना का सांगत नाही?

मामा थांबले, पण चाचरले नाहीत.

मामा : सांगितलं तर माझा धंदा काय राहिला? माझं भांडवल पैसा नाय. पैसा बँक देते. मला आधी कळतं, हे माझं भांडवल. गप्प बसणं हाच माझा व्यवहार.

भाची : हेच मी तीस हजारांच्या माणसाबद्दल म्हणतेय. माहिती ही शिल्लक आहे, हे तुम्ही चाळीस वर्षं जाणता. फक्त ती तुमच्या खात्यावर आहे, कंपनीच्या नाही.

मामा : आणि ती कंपनीच्या खात्यावर गेली तर उद्या ती सगळ्या तालुक्याला कळेल. नाशिकला कळेल. मग सगळेच शहाणे होतील आणि सगळेच तोट्यात जातील.

भाची : सगळे शहाणे झाले तर सगळे एकाच आठवड्यात तरी माल काढणार नाहीत.

मामा : तू शेतकऱ्याला ओळखत नाहीस.

भाची : आणि तुम्ही त्याला ओळखूच देत नाही.

वाद इथं संपला नाही, जेवायची वेळ झाली म्हणून थांबला. मला मात्र त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. कंपन्यांची मंडळी संवादाला धोरणात्मक ठेव म्हणतात तेव्हा ती ठेव कुणाच्या नावावर आहे, हे सांगत नाहीत. आधी कळणं आणि गप्प बसणं हे व्यापाऱ्याचं धोरण असू शकतं, त्यात गैर काही नाही. शेतकऱ्यांच्या कंपनीला ते परवडत नाही, कारण तिचा प्रत्येक सभासद लागवडही करतो आणि पडलेला भावही सोसतो. सभासदांपासून बातमी लपवून ती कुणाला लुटणार?

माझा कौल विचाराल तर माणूस नेमावा. पण त्याच्याकडून पहिली दोन वर्षं फेसबुकचं पान, बोधचिन्ह, 'जुन्नरचा टोमॅटो' असली छापील पिशवी यांतलं काही मागू नये. त्यानं नर्सऱ्या फिराव्यात, गेलेले ट्रे मोजावेत, कोलार, मदनपल्ली आणि नाशिकची लागवड फोनवर विचारावी, केंद्राची निवेदनं आणि युरोपच्या अंशमर्यादा वाचाव्यात, आणि दर सोमवारी एका पानात सभासदांना कळवावं. फळात दोष दिसला तर तोही त्याच पानावर यावा. भाव पडेल, मामा पाडतीलच. पण वाहिनीनं विचारायच्या आधी दिलेलं एक खरं उत्तर हाताशी असेल.

मामांचा एक आक्षेप मात्र खिशात ठेवावा लागेल. दोन हजारांचं कॅरेट डोळ्यासमोर असताना 'लावू नका' हे वाक्य ऐकलं जाणार नाही. म्हणून ते वाक्य लिहूच नये. आकडा लिहावा, मागच्या वर्षीचा त्याच्या शेजारी लिहावा, आणि ठरवणं शेतकऱ्यावर सोडावं.

उन्हाळी टोमॅटोची रोपं हंगामाच्या आधीच बुक होऊ लागतात. जुन्नर-आंबेगावातल्या नर्सरीवाल्यांना एकच विनंती आहे. यंदा तुमच्याकडून किती रोपं गेली तो आकडा व्यापाऱ्याला फोनवर सांगाल, त्याच दिवशी तो नर्सरीच्या फाटकावरच्या फळ्यावरही खडूनं लिहा.